दिशा एका कानाने कळत नाही

आजचं वाचन: प्रेषितांची कृत्ये १६:६-१५, यिर्मया २९:१-१४, मार्क १:३५-३८



वरचे तीन उतारे आधी स्वतः वाचा. घरी बायबल असेल तर उत्तम, बस किंवा लोकलमध्ये असाल तर फोनवर उघडा. मी इथे त्यांचा फक्त आशय सांगणार आहे. वचनाचे शब्द तुम्ही तुमच्या डोळ्यांनी वाचलेलेच बरे.

आपल्या वयाच्या विश्वासणाऱ्यांकडून मला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न एकच आहे: "या बाबतीत देवाची इच्छा काय आहे हे कसं ओळखायचं?" नोकरी बदलू का? या स्थळाला हो म्हणू का? पुण्यात फ्लॅट घेऊ की गावी घर बांधू? प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा वेळ कमी असतो. त्यामुळे उत्तरही झटपट हवं असतं. मग कोणी ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत मिळालेलं वचनाचं कार्ड काढून बघतो. कोणी डोळे मिटून बायबल उघडतो आणि बोट ठेवतो. कोणी सकाळी व्हॉट्सॲपवर आलेल्या वचनालाच उत्तर समजतो.

मध्यंतरी आमच्या जिल्ह्यातल्या, वसमत तालुक्यातल्या एका तरुण भावाचा असाच फोन आला. बेंगळुरूच्या एका कंपनीची ऑफर आली होती आणि उत्तर द्यायला चार दिवस होते. घरी चार एकर शेती, त्यात हळद. वडिलांचं वय झालेलं आणि हा एकुलता एक. त्या दिवशी सकाळी त्याला कुणाच्या तरी स्टेटसवर यिर्मया २९:११ दिसलं होतं, तेच आपल्यासाठी देवाकडे चांगल्या योजना असल्याचं वचन. तो म्हणाला, "दादा, हे प्रभूकडूनच असेल ना? म्हणजे जाऊ ना?"

त्याच्या प्रश्नामागची तळमळ खरी होती. आपल्या मनाने न जाता देवाला विचारून पुढे जायचं, ही इच्छाच मुळात देवाची देणगी आहे. म्हणून या प्रश्नाचं उत्तर एका "हो"मध्ये उरकणं मला बरोबर वाटलं नाही. मी त्याला प्रेषितांची कृत्ये १६ वाचायला सांगितलं. आज तुम्हालाही तेच सांगतो.

त्रोवसची रात्र

पौल आणि त्याचे सोबती सुवार्ता सांगायला निघालेले आहेत. काम देवाचंच आहे आणि हेतूही शुद्ध आहे. तरी वाटा बंद होत जातात. आसिया प्रांतात वचन सांगायला पवित्र आत्मा मना करतो. मग ते बिथुनियाकडे वळायला बघतात, तिथेही आत्मा जाऊ देत नाही. शेवटी ते समुद्रकाठच्या त्रोवसला येऊन पोहोचतात. पुढे पाणी आणि मागे बंद झालेल्या दोन वाटा. आपल्यापैकी अनेकांना ही जागा ओळखीची आहे.

त्या रात्री पौलाला दृष्टान्त होतो. मासेदोनियाचा एक माणूस उभा राहून विनवतो, इकडे या, आम्हांला मदत करा. आता दहावं वचन सावकाश वाचा. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला, पण निष्कर्ष "आम्ही" काढला. "आम्ही" हा शब्द या प्रवासाच्या वर्णनात इथेच पहिल्यांदा येतो, कारण लिहिणारा लूक इथून त्यांच्यासोबत आहे. आणि निष्कर्ष काढला यासाठी मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ तुकडे एकमेकांना जोडणं असा होतो. बंद झालेल्या दोन वाटा, रात्रीचा दृष्टान्त, सोबत्यांचा विचार आणि आधीपासून ठाऊक असलेली प्रभूची आज्ञा हे सगळं त्यांनी शेजारी शेजारी ठेवलं, जोडून पाहिलं आणि मग निघाले.

पौलासारख्या प्रेषितानेही एवढ्या स्पष्ट दृष्टान्तानंतर इतरांबरोबर बसून जोडून पाहिलं. मग आपण एका स्टेटसवर बेंगळुरूचं तिकीट काढावं का?

औंढ्याजवळचं केंद्र

दिशा म्हणजे नेमकं काय, हे मला नीट कळलं ते आमच्याच जिल्ह्यातल्या एका प्रकल्पामुळे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. खर्च सुमारे २६०० कोटी रुपये. इंग्रजी एल अक्षरासारख्या काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. फार दूरच्या ताऱ्यांच्या किंवा कृष्णविवरांच्या टकरीतून निघालेली गुरुत्वीय लहर पृथ्वीवरून जाते, तेव्हा या भुजांच्या लांबीत अतिशय सूक्ष्म फरक पडतो. तो मोजायचा.

अशी लहर माणसाने पहिल्यांदा टिपली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतल्या दोन केंद्रांवर. ही केंद्रं एकमेकांपासून सुमारे ३००० किलोमीटर दूर आहेत. एकावर लहर आली आणि साधारण ७ मिलिसेकंदांनी दुसऱ्यावर. एकाच केंद्राला काही जाणवलं असतं तर शास्त्रज्ञांनी त्यावर इतका भरवसा ठेवला नसता. शेजारच्या रस्त्याने ट्रक गेला, दूर कुठे भूकंप झाला, तरी यंत्र थरथरतं. दोन लांबच्या ठिकाणी तीच थरथर उमटली म्हणून ती खरी मानली गेली.

पण दोन केंद्रांनाही एक गोष्ट नीट सांगता येत नाही. लहर आली हे कळतं, ती आकाशाच्या कुठल्या बाजूने आली हे मात्र ढोबळच कळतं. १४ ऑगस्ट २०१७ रोजी आलेली लहर अमेरिकेतल्या दोन केंद्रांबरोबर इटलीतल्या तिसऱ्या केंद्रानेही टिपली. फक्त दोघांच्या नोंदींवरून आकाशाचा सुमारे ११६० चौरस अंशांचा भाग शोधावा लागला असता. तिसऱ्याची नोंद जोडली आणि तो ६० चौरस अंशांवर आला. आपल्या औंढ्याच्या केंद्राची जगाला गरज आहे ती मुख्यतः यासाठीच. ते बाकीच्यांपासून खूप दूर आहे, म्हणून दिशा आणखी बारीक होईल.

हे वाचलं तेव्हा मला पौलाचं "जोडून पाहणं" आठवलं. आवाज ऐकायला एक कान पुरतो. आवाज कुठून आला हे कळायला एक कान पुरत नाही. देवाच्या मार्गदर्शनासाठी आपल्याला ऐकायची तीन ठिकाणं दिलेली आहेत: त्याचं वचन, प्रार्थना आणि त्याची माणसं. एकावरच उमटलेली थरथर कदाचित आपल्याच अंगणातून गेलेल्या ट्रकची असेल. तिन्हींवर तेच उमटायला लागलं की दिशा बारीक होत जाते.

दाखल्याला मर्यादा आहे, तीही सांगतो. आपला देव दूरच्या आकाशातली लहर नाही. पौलाने अथेन्सच्या लोकांना सांगितलं होतं की तो आपल्यापैकी कोणापासूनही दूर नाही (प्रे. कृत्ये १७:२७). तो स्पष्ट बोलतो, थरथर आणि गोंगाट असतो तो आपल्या बाजूला.

पहिलं ठिकाण: वचन, पण पूर्ण संदर्भासह

त्या भावाला मिळालेलं यिर्मया २९:११ आता आजूबाजूच्या वचनांसह वाचू. हे एक पत्र आहे. यिर्मयाने ते यरुशलेमहून बाबेलला पाठवलं, ज्यांना घरादारातून उचलून परक्या मुलखात नेलं होतं त्या लोकांना. त्यांना घाई होती परत जायची. आदल्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा त्यांच्या मनासारखं बोलला होता: दोन वर्षांत सगळं मिटेल. यिर्मयाच्या पत्रात मात्र दहाव्या वचनात सत्तर वर्षं लिहिलेली आहेत. आणि तोवर काय करायचं? घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

म्हणजे चांगल्या योजनेचं ते सुंदर वचन मुळात "लगेच निघा" असं सांगण्यासाठी दिलेलंच नव्हतं. ते थांबलेल्या लोकांना धीर द्यायला होतं. मी त्या भावाला म्हणालो, "हे वचन तुझ्यासाठी खरं आहेच. पण ते तू बेंगळुरूला गेलास तरी खरं आणि वसमतला राहिलास तरी खरं. मग त्यातून ऑफरचं उत्तर कसं काढणार?" तो जरा हिरमुसला. नंतर म्हणाला, "म्हणजे कुठेही असलो तरी त्याच्या हातात आहे." मला वाटतं त्या दिवसाचं मार्गदर्शन तेवढंच होतं, आणि ते काही थोडं नाही.

रोज सलग वाचण्याचा फायदा इथे दिसतो. ज्याने यिर्मया आधी वाचलेलं असतं त्याला स्टेटसवरचं वचन दिसताच आजूबाजूचा सगळा प्रसंग आठवतो. न वाचलेल्या माणसाला फक्त एक ओळ दिसते, आणि त्या ओळीत तो आपल्या मनातलंच भरतो.

सलग म्हणजे घाईघाईने मात्र नाही. नारायण वामन टिळकांची गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी 'स्मृतिचित्रे'मुळे ऐकलेली आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. टिळकांनी वाचायचा शब्द दिला होता, म्हणून वाचायला घेतला. पेन्सिलीने खुणा करत पूर्ण पुस्तक संपवायचं असा त्यांचा बेत होता. पण ते डोंगरावरील प्रवचनापाशी, म्हणजे मत्तय ५ ते ७ या तीन अध्यायांपाशी आले आणि तिथेच थांबले. पुढे जाववेना. मोठमोठे प्रश्न घेऊन फिरणाऱ्या त्या कवीला उत्तरं तिथे मिळत होती. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १० फेब्रुवारी १८९५ रोजी. मधला काळ वाचनाचा, विचाराचा आणि झगड्याचा होता. घरदार, जात, संसार असं सगळंच पणाला लागलेलं होतं, म्हणून निर्णयाला वेळ लागला.

आपल्या फोनवरचं ॲप रोज सांगतं, आज सलग चाळिसावा दिवस! छान आहे, मलाही आवडतं. पण आकडा वाढतोय आणि एकही वचन आपल्याला अडवत नाही, असं होत असेल तर जरा थांबा. एखाद्या दिवशी तीन ओळींपाशी अडलात तर वाचन बुडालं असं समजू नका. कदाचित त्याच दिवशी खरं वाचन झालं.

दुसरं ठिकाण: प्रार्थना

मार्क पहिल्या अध्यायात प्रभू येशूचा एक दिवस आहे. कफर्णहूमला संध्याकाळी अख्खं गाव दाराशी जमलेलं. कितीतरी आजारी बरे झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, प्रभू उठून एकांत जागी गेला आणि तिथे प्रार्थना करत राहिला. शिमोन आणि बाकीचे शोधत आले. म्हणाले, सगळे तुम्हांला शोधताहेत. आणि प्रभू म्हणाला, चला, आपण आसपासच्या दुसऱ्या गावांना जाऊ, मी त्यासाठीच आलो आहे.

शिष्यांच्या नजरेने बघा. कालचं काम गाजलेलं, लोक दारात उभे, मागणी जोरात. कुठलाही मॅनेजर म्हणेल, इथेच राहा. सगळ्या बाहेरच्या खुणा कफर्णहूमकडे बोट दाखवत होत्या. प्रभूला मात्र आपण कशासाठी आलो हे पहाटेच्या प्रार्थनेत पित्यापाशी पक्कं होतं, म्हणून गर्दीला नाही म्हणता आलं. उघडलेलं प्रत्येक दार आपल्यासाठीच असतं असं नाही. प्रार्थना आपल्याला ते ओळखण्याइतकं शांत करते.

त्या भावाला मी एक साधा प्रश्न दिला होता: "चार दिवस तू प्रार्थनेत काय मागतोयस, शब्द काय आहेत?" त्याने विचार करून सांगितलं, "प्रभू, मला जाऊ दे, असंच म्हणतोय." मी म्हटलं, "हेही मागायला हरकत नाही. गेथशेमानेत प्रभूनेही आपली इच्छा स्पष्ट सांगितली. पण तिथे तो थांबला नाही, पित्याच्या इच्छेवर सोपवूनच उठला. तू आज दुसरं वाक्य जोडून बघ." प्रार्थनेची ही दोन वाक्यं आहेत. पहिलं आपण सगळेच म्हणतो. दिशा बहुधा दुसऱ्यानंतर मिळायला लागते.

तिसरं ठिकाण: देवाची माणसं

लायगोची केंद्रं मुद्दाम लांब लांब बांधतात. तिन्ही यंत्रं एकाच शेतात उभी केली तर तोच ट्रक तिघांनाही हलवेल आणि दिशा काहीच कळणार नाही. आपण सल्ला कोणाचा घेतो ते या नजरेने पाहा. एकाच फ्लॅटवर राहणारे, एकाच कंपनीत काम करणारे, एकाच वयाचे तीन मित्र म्हणजे तीन सल्ले नव्हेत. तो एकच सल्ला तीनदा ऐकलेला आहे. आपल्यापासून दूर उभा असलेला माणूस हवा: वयाने मोठा, वेगळं आयुष्य जगलेला, आपल्या निर्णयात ज्याचा फायदा अडकलेला नाही असा. मंडळीतल्या एखाद्या आजी, पाळकसाहेब, विश्वासात मुरलेला एखादा शेतकरी. अंत्युखियाच्या मंडळीत (प्रे. कृत्ये १३:१-३) बर्णबा आणि शौलाला पाठवण्याचा आवाज आला तेव्हा तिथे किती निरनिराळ्या ठिकाणांहून आलेली माणसं एकत्र उपास करत होती, त्यांची नावं वाचून बघा.

आणि घरची माणसं. मी त्या भावाला विचारलं, "वडील काय म्हणतात?" पलीकडे शांतता. त्याने वडिलांना विचारलंच नव्हतं. त्यांना वाईट वाटेल म्हणून आठवडाभर तो फक्त देवाशी बोलत होता. त्या रात्री त्याने विषय काढला. वडील म्हणाले, "जा की. मी कुठं नको म्हणलो? फक्त फेब्रुवारीत हळद काढायला धा दिवस ये. गावात मजूरच भेटत नाहीत."

हळद करणाऱ्या घरात हे वाक्य काय आहे ते कळतं. जूनच्या आसपास बेणं लावायचं आणि आठ-नऊ महिने वर फक्त पानं बघायची. काढणी, उकडणं, वाळवणं, पॉलिश हा सगळा रेटा शेवटी एकदम येतो. वडिलांना मुलगा बारा महिने बांधून ठेवायचा नव्हता. त्यांना ते दहा दिवस हवे होते. दुसऱ्या दिवशी त्याने कंपनीला विचारलं आणि फेब्रुवारीत सुट्टी मिळेल असं मेलवर लिहून घेतलं. वचनाने भीती काढली, प्रार्थनेने हट्ट सैल केला आणि वडिलांच्या एका वाक्याने वाट दाखवली. तो गेला. आकाशवाणी झाली नाही, पण तुकडे जुळले.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. कोणी येऊन म्हणालं, "प्रभूने मला सांगितलंय, तू अमुकशी लग्न कर" किंवा "ही नोकरी सोड," तर नम्रपणे ऐका आणि तपासा. संदेश तुच्छ मानू नका आणि सगळ्याची पारख करा, असं पौल एका दमात सांगतो (१ थेस्सलनी. ५:२०-२१). जे देवाकडून आहे ते पारख केल्याने कमी होत नाही. पारख करू न देणारा, घाई करणारा, घाबरवणारा माणूस मोठा सेवक असला तरी ते एकच ठिकाण आहे. विशेषतः बहिणींना सांगतो, लग्नाच्या बाबतीत दुसऱ्याला झालेल्या दृष्टान्ताने तुम्ही बांधील नाही.

तुकडे जुळायला वर्षंही लागतात

सगळं चार दिवसांत जुळतं असं नाही. पंडिता रमाबाईंचं उदाहरण पाहा. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. पुढे सिल्चरला संसार करत असताना बंगाली भाषेतलं लूककृत शुभवर्तमान त्यांच्या हाती लागलं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहिलं आहे की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त भेटला तो त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, वचन वाचता वाचता. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, वर्षभराने ते पुण्याला आलं. शाळेला उत्पन्न मिळावं म्हणून फळबाग लावायला त्यांनी केडगावला जमीन घेतली.

मग १८९६-९७चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात मुली रस्त्यावर आल्याचं कळलं आणि रमाबाई तिकडे गेल्या. उपासमार म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणलेल्या मुलींना ठेवायला जागा लागली तेव्हा केडगावची जमीन तयार होती. तिथेच मुक्ती मिशन उभं राहिलं. लहानपणीचं दुःख, हाताला लागलेलं शुभवर्तमान, फळझाडांसाठी घेतलेली जमीन असे तीन तुकडे वेगवेगळ्या वर्षी आले. घेताना त्यांचा एकमेकांशी काय संबंध हे कुणाला दिसलं असेल? हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल आणण्याचं काम त्या आयुष्याच्या अखेरीपर्यंत करत राहिल्या. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या.

म्हणून आज तुमचा एखादा तुकडा कुठेच बसत नसेल तर तो फेकू नका. वहीत लिहून ठेवा.

बरोबर दिशा, तरी तुरुंग

आता पौलाकडे परत येऊ. तो फिलिप्पैला पोहोचला. दृष्टान्तात विनवणारा पुरुष दिसला होता. प्रत्यक्षात भेटल्या त्या नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायका. त्यांतली लुदिया, जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी, सगळ्यांत आधी विश्वास ठेवते. मार्गदर्शन खरं असतं तेव्हाही ते आपल्या कल्पनेच्या साच्यात येईलच असं नाही. आणि पुढे काय झालं? फटके, खोडा, तुरुंग. देवाने दाखवलेल्या वाटेवरच.

नोकरी लागल्यावर सहा महिन्यांत प्रकल्प बंद पडला, लग्नानंतर घरात आजारपण आलं, की आपण लगेच म्हणतो, माझं ऐकण्यात चुकलं. जरूर तपासा. पण त्रास झाला एवढ्यावरून दिशा चुकीची ठरत नाही. पौल आणि सीला मध्यरात्री तुरुंगात गात होते, कारण आपण इथे का आहोत हे त्यांना माहीत होतं. त्यांनी त्रोवसला तुकडे नीट जोडले होते.

रोज काय करायचं

२०१५ची ती पहिली लहर यंत्रावर जेमतेम ०.२ सेकंद टिकली. अधिकृत निरीक्षणं सुरू व्हायला अजून काही दिवस होते, चाचण्या चालू होत्या. यंत्र चालू होतं म्हणून सापडली. रोजच्या वाचनाचं आणि प्रार्थनेचं माझ्या मते हेच कारण आहे. निर्णयाच्या दिवशी ऐकू यावं म्हणून साध्या दिवशी चालू राहायचं. नवीन असाल तर असं करून बघा:

१. एकच पुस्तक सलग घ्या. मार्क १६ अध्यायांचं आहे, रोज एक. नीतिसूत्रे ३१ आहेत, महिनाभर तारखेप्रमाणे एक.

२. वाचून झालं की तीन प्रश्न: देवाबद्दल काय कळलं? हे मूळ कोणाला आणि का सांगितलं होतं? आज मी काय करू?

३. प्रार्थनेत दोन्ही वाक्यं म्हणा. आधी तुमची इच्छा, न लाजता. मग, प्रभू, तुझी होऊ दे. त्यानंतर पाच मिनिटं काही न मागता बसा. फोन दुसऱ्या खोलीत.

४. वहीत तीन रकाने करा: वाचलं, मागितलं, कोणी काय सांगितलं. आपण ऑफिसात लॉग न बघता बग शोधत नाही, मग आयुष्याचं सगळं आठवणीवर का सोडायचं? रविवारी संध्याकाळी आठवड्याची पानं चाळा आणि तिन्ही रकान्यांत तेच काही पुन्हा येतंय का ते बघा.

५. मोठ्या निर्णयाआधी तुमच्यापासून दूर उभ्या असलेल्या दोन माणसांशी बोला. त्यांपैकी एक घरचं असू द्या.

एवढं करूनही मुदत संपत आली आणि काहीच जुळलं नाही तर? मुदत वाढवून मागता येते का ते विचारा, अनेकदा मिळते. नाहीच मिळाली तर वचनात जे स्पष्ट सांगितलेलं आहे, खरं बोलणं, आईवडिलांचा मान, प्रीती, दुर्बलांची काळजी, ते ज्या वाटेवर पाळता येईल ती निवडा आणि निश्चिंत चाला. स्तोत्र ११९:१०५ मध्ये वचनाला पावलांसाठी दिवा म्हटलं आहे. रात्री शेतात पाणी द्यायला जाणाऱ्याला माहीत असतं, बॅटरीच्या उजेडात अख्खं शिवार दिसत नाही. बांधावरचं पुढचं पाऊल दिसतं, ते टाकलं की त्याच्या पुढचं.

प्रार्थना करू या:

हे स्वर्गीय पित्या, आम्हांला उत्तराची घाई असते आणि तुला आमची ओढ असते. आज जो कोणी हे वाचत निर्णयाच्या कडेवर उभा आहे, त्याला आणि तिला तुझ्या वचनात स्थिर कर. आमच्या अंगणातला गोंगाट शांत कर. ज्यांना विचारायला आम्ही घाबरतो त्यांच्याशी बोलायचं धैर्य दे. न जुळलेले तुकडे जपून ठेवायची सबुरी दे, आणि तू दाखवलेल्या वाटेवर त्रास आला तरी गायला शिकव. येशूच्या नावात मागतो. आमेन.

उद्याचं वाचन: मत्तय ५:१-१२. सावकाश वाचा, हातात पेन्सिल घेऊन.